कासच्या वाटेवरून फुलापर्यंत : मॅक्रो लेन्सची निवड आणि वापर

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटरचा आहे, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्या रस्त्याने जाणाऱ्या कितीतरी जणांच्या गळ्यात कॅमेरा असतो. पठार लांबून रंगांच्या पट्ट्यांसारखे दिसते, परंतु ते पट्टे ज्या फुलांचे बनलेले असतात ती फुले फार लहान असतात. सीतेच्या आसवांचे एकेक जांभळे-निळे फूल बोटाच्या पेराहून छोटे असते, गेंदाचा पांढरा गोळा साधारण वाटाण्याएवढा असतो आणि दवबिंदूच्या पानावरचा चिकट थेंब तर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक असतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने शक्य तितके जवळ जाऊनही छायाचित्रात फूल ठिपक्याएवढेच उमटते, आणि मग लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी, म्हणजे मॅक्रो लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न निघतो.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण विशालनाचा आकडा, म्हणजे लेन्स वस्तू किती मोठी उमटवते तो आकडा, आणि किंमत या दोनच गोष्टी विचारतात. मी स्वतः पहिली मॅक्रो लेन्स अशीच घेतली. ती ६० मिलिमीटरची होती, काच उत्तम होती आणि घरच्या मोगऱ्यावर तिने सुरेख काम केले. परंतु कासला गेल्यावर लक्षात आले की फूल पूर्ण आकारात टिपायचे तर लेन्सचे तोंड त्याच्यापासून वीतभरही लांब ठेवून चालत नाही, आणि फूल तर वाटेच्या कडेपासून हातभर आत आहे. वाट सोडून आत पाय टाकायचा नसतो. जांभ्यावर आणि बसाल्टवर साचलेला मातीचा थर तिथे इतका पातळ आहे की एका पावलाखाली डझनभर रोपे चिरडली जातात, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचा समावेश आहे तो याच रोपांमुळे. तेव्हापासून कोणी लेन्सविषयी विचारले की मी आधी विचारतो, आपण फुलापासून किती अंतरावर उभे राहणार आहात. निवडीचा बराचसा निकाल या उत्तरातच लागतो.

पट्टी घेऊन आधी आपल्याकडची लेन्स तपासावी

नवी लेन्स घेण्यापूर्वी हाताशी असलेली लेन्स कुठवर जाते ते मोजून पाहावे. त्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पुरते. पट्टी टेबलावर आडवी ठेवावी, लेन्स हाताने फोकस करण्याच्या स्थितीत आणून फोकसचे कडे सर्वांत जवळच्या टोकापर्यंत फिरवावे आणि मग कॅमेराच पुढे-मागे सरकवून पट्टीवरच्या रेघा स्पष्ट कराव्यात. छायाचित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पट्टीचे किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या संख्येने भागावे. पूर्ण आकाराच्या म्हणजे फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स हे त्याहून लहान सेन्सरचे प्रकार आहेत. निकॉन आणि सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत ती साधारण २३.५ आणि कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत साधारण २२.३ मिलिमीटर असते. मायक्रो फोर थर्ड्समध्ये ती १७.३ मिलिमीटर असते. समजा २३.५ मिलिमीटरच्या सेन्सरवर १८-५५ लेन्समधून पट्टीचे ६५ मिलिमीटर दिसले, तर विशालन ०.३६ झाले, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या साधारण एक तृतीयांश उमटते. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये हा आकडा १ असतो, त्यालाच १:१ म्हणतात, आणि त्या वेळी सेन्सरच्या रुंदीएवढीच पट्टी चौकटीत मावते.

ही चाचणी दुकानातही करता येते आणि करावीच, कारण अनेक झूम लेन्सवर 'मॅक्रो' हा शब्द छापलेला असतो, पण त्यांचे विशालन १:४ किंवा १:३ एवढेच असते. काही ७०-३०० लेन्स १:२ पर्यंत जातात. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना 'मायक्रो' म्हणते, त्यामुळे तो शब्द पाहून गोंधळू नये. पट्टीचे छायाचित्र या सर्व नावांपेक्षा जास्त खरे सांगते.

आता आपल्याला विशालन किती हवे ते फुलावरून ठरवावे. सीतेच्या आसवांचा तीन-चार फुलांचा तुरा, सोनकीचे पिवळे फूल, तेरडा किंवा पाकळ्यांच्या रचनेमुळे लोक ज्याला मिकी माऊस म्हणतात तो कवला, या सर्वांना एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:२ चे विशालन सहसा पुरते, कारण तेव्हा चौकटीत सुमारे ४७ मिलिमीटर रुंदीचा भाग येतो. गेंदाच्या गोळ्यातली बारीक फुले किंवा दवबिंदूच्या केसांवरचे थेंब वेगवेगळे दाखवायचे असतील तर १:१ लागते. मुंगीचे डोके, फुलपाखराच्या पंखावरचे खवले अशा विषयांना १:१ च्याही पुढे जावे लागते, पण ते काम पठारावर उभ्याने करण्याजोगे नाही, म्हणून नवख्याने आरंभी त्याच्या मागे लागू नये.

मोकळे अंतर

लेन्सच्या माहितीपत्रकात 'किमान फोकस अंतर' दिलेले असते आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजलेले नसून कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरच्या प्रतलापासून मोजलेले असते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळाला छेदणारी जी रेघ कोरलेली असते ती याच प्रतलाची खूण आहे. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सची पुढची काच आणि फूल यांच्यामध्ये जे उरते ते आपले खरे मोकळे अंतर. १०० मिलिमीटर जातीच्या मॅक्रो लेन्सचे किमान फोकस अंतर सुमारे ३० सेंटिमीटर असते, परंतु १:१ ला मोकळे अंतर साधारण १३ ते १५ सेंटिमीटरच उरते. ६० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते ९-१० सेंटिमीटर असते, ३५ किंवा ४० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्समध्ये अवघे तीन-चार सेंटिमीटर, आणि १८० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते २५ सेंटिमीटरच्या आसपास जाते.

मोकळे अंतर कमी पडले की तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. लेन्सची स्वतःची सावली फुलावर पडते. किडा किंवा फुलपाखरू असेल तर ते उडून जाते. फ्लॅशचा किंवा पांढऱ्या कापडाचा प्रकाश आत शिरायला जागा राहत नाही. लेन्सचे हूड लावलेले असेल तर ते याच अंतरातले काही सेंटिमीटर खाते, म्हणून १:१ च्या जवळ काम करताना हूड काढून ठेवणे बरे.

लांब नाभीय अंतराच्या, म्हणजे लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा मोठा असलेल्या लेन्सचा आणखी एक फायदा आहे, आणि कासच्या पठारावर तो मोकळ्या अंतराइतकाच महत्त्वाचा ठरतो. फुलाचा आकार चौकटीत तेवढाच ठेवला तरी १०० किंवा १८० मिलिमीटरच्या लेन्समध्ये मागचा भाग फार अरुंद कोनातून येतो. गवताची पाती, शेजारची अर्धवट सुकलेली फुले, कुंपणाचा खांब किंवा एखाद्या पर्यटकाचा लाल रेनकोट, यांपैकी बहुतेक गोष्टी पाऊलभर डावी-उजवीकडे सरकताच चौकटीबाहेर जातात. ६० मिलिमीटरच्या लेन्समध्ये हे सहज साधत नाही.

या कारणांमुळे, एकच मॅक्रो लेन्स घ्यायची असेल आणि मुख्य काम घाटावरच्या फुला-किड्यांचे असेल, तर ९० ते १०५ मिलिमीटरच्या दरम्यानची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. टॅमरॉनची ९०, कॅननची १००, निकॉनची १०५, सोनीची ९० अशा प्रत्येक घराण्याच्या लेन्स या टप्प्यात मिळतात, आणि काचेच्या गुणवत्तेच्या बाबतीत त्यांतली कोणतीही निराश करत नाही. लाओवाची १०० मिलिमीटरची लेन्स २:१ पर्यंत, म्हणजे खऱ्या आकाराच्या दुपटीपर्यंत जाते. जुनी, वापरलेली लेन्सही चालते. मॅक्रोमध्ये ऑटोफोकसचा उपयोग मर्यादित असल्याने त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. १८० ची लेन्स जड असते, महाग असते आणि हातात धरून स्थिर ठेवणे अवघड असते. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. विकत घेण्यापूर्वी दोन दिवसांसाठी आणून आपल्याच अंगणात वापरून पाहणे हा खर्च वाया जात नाही.

मॅक्रो लेन्स न घेता

खरे तर कासच्या वाटेवरून छायाचित्रे काढण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली जोडणी मॅक्रो लेन्सची नाही. ती अनेकांच्या घरी आधीच पडून असलेल्या ५५-२५० किंवा ५५-३०० झूम लेन्सची आणि तिच्या पुढे बसणाऱ्या क्लोजअप भिंगाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

क्लोजअप भिंग म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखे बसवायचे बहिर्गोल भिंग. वाचायच्या चष्म्यासारखी त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. एकाला डायॉप्टरच्या आकड्याने भागले की भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये मिळते : +२ चे भिंग ५०० मिलिमीटरचे, +४ चे २५० मिलिमीटरचे. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर वस्तू या भिंगापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसते, मग झूम कितीही असो. विशालन काढायचे तर मूळ लेन्सच्या नाभीय अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. २५० मिलिमीटरच्या झूमवर +२ चे भिंग लावले की ५० सेंटिमीटर लांबून १:२ मिळते. हेच अंतर वाटेच्या कडेला बसून हातभर आतल्या फुलासाठी लागते! फोकस जवळ आणत गेल्यास अंतर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत कमी होते आणि विशालन वाढते. या ३० ते ५० सेंटिमीटरच्या पट्ट्याबाहेरचे मात्र काहीच स्पष्ट दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे, नाही तर ऑटोफोकस इकडून तिकडे फिरत राहतो आणि नवखा माणूस लेन्स बिघडली असे समजतो.

भिंग घेताना एकच काळजी घ्यावी. बाजारात +१, +२, +४, +१० असा चार भिंगांचा स्वस्त संच मिळतो. ती एकेरी काचेची असतात आणि त्यांच्यामुळे पाकळीच्या कडेला जांभळ्या-हिरव्या रंगाची झालर येते. त्यांऐवजी दोन काचा जोडून बनवलेले, म्हणजे वर्णदोष काढलेले एकच भिंग घ्यावे. कॅननचे ५०० डी हे +२ चे भिंग या प्रकारचे आहे. याच नावाचा कॅननचा एक कॅमेराही असल्याने मागवताना 'क्लोजअप भिंग' असे स्पष्ट सांगावे. रेनॉक्सचे डीसीआर-१५० हे +४.८ चे आणि डीसीआर-२५० हे +८ चे आहे; ही दोन्ही चापाने ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाच्या लेन्सवर बसतात. घराच्या अंगणात, जिथे फुलाजवळ जाण्यास कोणतीही आडकाठी नाही, तिथे +४.८ चे भिंग उत्तम. +८ चे भिंग मोठ्या विशालनासाठी आहे, त्याचे मोकळे अंतर साडेबारा सेंटिमीटरच्या आत असते आणि ते हाताळायला सराव लागतो.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही आत काच नसलेली पोकळ नळी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसते. नळीची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर, एवढे विशालन मूळ विशालनात वाढते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ३६ मिलिमीटरची नळी लावली तर ०.७२ वाढते आणि एकूण ०.९ च्या आसपास पोहोचते. तीच नळी २५० मिलिमीटरच्या झूममागे लावली तर ०.१५ सुद्धा वाढत नाही. म्हणून नळी आखूड लेन्ससाठी आणि क्लोजअप भिंग लांब लेन्ससाठी, असा साधा हिशेब आहे. मी पहिल्यांदा विजेचे संपर्कबिंदू नसलेली स्वस्त नळी घेतली आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, बदलताच येईना. सर्व छायाचित्रे उघड्या ॲपर्चरवर निघाली आणि फुलाच्या एका पाकळीखेरीज सारे धूसर झाले. नळी घ्यायची तर संपर्कबिंदू असलेलीच घ्यावी.

लेन्स उलटी बसवण्याची रिंगही मिळते आणि ती स्वस्त असते. पण तिचे मोकळे अंतर चार-पाच सेंटिमीटरच असते, आणि लेन्सची मागची बाजू धुक्याला व चिखलाला उघडी पडते. ती घरातल्या प्रयोगांपुरती ठेवावी.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पडदा फुलवणारा तिथला सरडा २०१६ साली नवीन जाती म्हणून नोंदवला गेला आणि त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नावच 'सरडा' या आपल्या शब्दावरून ठेवलेले आहे. दगडावर चढून पडदा फुलवणाऱ्या नराजवळ मॅक्रो लेन्स घेऊन जाऊ नये. ३०० किंवा ४०० मिलिमीटरची लेन्स लावून लांब बसावे, आणि ती पुरेशी जवळ फोकस करत नसेल तर तिच्यामागे छोटी नळी लावावी. विशालन फारसे वाढत नसले तरी किमान अंतर कमी होते, आणि तेवढेच हवे असते.

मिलिमीटरभर स्पष्टता

लेन्स कोणतीही असो, मॅक्रोमध्ये खरी झुंज स्पष्टतेच्या खोलीशी असते. फोकसच्या पुढचा-मागचा किती भाग स्पष्ट दिसेल हे विशालन आणि ॲपर्चर या दोहोंवर ठरते. ॲपर्चर एफ/८, एफ/१६ असे लिहितात, आणि आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. विशालन सारखे असेल तर ६० ची लेन्स वापरा की १८० ची, खोली जवळजवळ तेवढीच राहते. आखूड लेन्सने जास्त खोली मिळते, हा समज पुष्कळ जणांना चुकीच्या खरेदीकडे नेतो. फुल फ्रेम सेन्सरच्या नेहमीच्या हिशेबाने १:१ ला एफ/८ वर एकंदर खोली सुमारे एक मिलिमीटर मिळते, एफ/१६ वर सुमारे दोन, आणि १:२ ला एफ/८ वर जवळजवळ तीन मिलिमीटर. २:१ ला तर एफ/८ वर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोली उरते. गेंदाचा गोळा आठ मिलिमीटरचा असेल तर तो १:१ ला एका छायाचित्रात पूर्ण स्पष्ट येणार नाही, हे आधीच मान्य करून चालावे.

मग ॲपर्चर एफ/३२ पर्यंत बंद का करू नये? त्याला दोन कारणे आहेत. जवळच्या फोकसला लेन्सचे परिणामी ॲपर्चर लहान होते. छापील आकड्याला एक अधिक विशालनाने गुणले की ते मिळते. म्हणजे १:१ ला एफ/८ हे प्रकाशाच्या दृष्टीने एफ/१६ सारखे वागते आणि प्रकाश चौथाई होतो; एफ/१६ हे एफ/३२ सारखे वागते. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडांशी वळून पसरतो, आणि खोली वाढली तरी सारेच चित्र थोडे मऊ पडते. माझा नेहमीचा मुक्काम १:१ ला एफ/८ ते एफ/११ वर असतो, १:२ ला एफ/११ ते एफ/१६ वर. निकॉनचे काही कॅमेरे पडद्यावर परिणामी आकडाच दाखवतात, त्यामुळे एफ/२.८ ची लेन्स जवळच्या फोकसला एफ/५ च्या आसपास दिसू लागली तर घाबरण्याचे कारण नाही.

खोली वाढवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय पैशाचा नसून बसण्याच्या कोनाचा आहे. फुलाचा जो भाग स्पष्ट हवा आहे त्याचे प्रतल आणि सेन्सरचे प्रतल समांतर ठेवावे. कवल्याच्या पाकळ्या समोरून सपाट दिसतात, तेव्हा कॅमेरा बरोबर समोर धरावा. सीतेच्या आसवांचा तुरा उभा असतो, म्हणून कॅमेरा तुऱ्याच्या उंचीवर आणून देठाला समांतर धरावा. वरून खाली झुकून धरला तर वरचे फूल स्पष्ट आणि खालचे धूसर येते. कंदीलपुष्पाची नळी लांब आणि फुगीर असते, तिला बाजूने पाहावे. किड्याच्या बाबतीत डोळा स्पष्ट आला पाहिजे. बाकी काही सुटले तरी चालते.

फोकस करण्याची रीत नेहमीपेक्षा उलटी आहे. आधी किती विशालन हवे ते ठरवून फोकसचे कडे तिथे स्थिर करावे, ऑटोफोकस बंद करावा आणि शरीर सावकाश पुढे झुकवत, हवा तो भाग स्पष्ट होताच शटर दाबावे. श्वास सोडून थांबल्यावर दाबलेले शटर जास्त विश्वासाचे असते. एका प्रयत्नात तीन-चार छायाचित्रे लागोपाठ घ्यावीत, कारण एक मिलिमीटरचा झोका कोणाच्याही शरीराला असतोच. लेन्समधली कंपरोधक यंत्रणा १:१ ला नेहमीएवढे काम करत नाही. ती हाताचे तिरके डोलणे आवरते, पण पुढे-मागे झुकणे तिला आवरता येत नाही.

वारा, प्रकाश आणि पाऊस

चाळकेवाडीवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. कासलाही दुपारी वारा थांबत नाही, आणि १:१ ला फूल दोन मिलिमीटर हलले तरी ते फोकसमधून निसटते. सकाळी लवकर पोहोचावे. वारा कमी असतो, पाकळ्यांवर दव असते आणि गारठलेले किडे एका जागी बसून राहतात. वाऱ्याची झुळूक येते आणि ओसरते, तेव्हा ओसरण्याची वाट पाहावी. हातात धरून काढताना शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० पेक्षा कमी ठेवू नये, वारा असेल तर १/५०० ठेवावा आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, ८०० किंवा १६०० करावा लागला तरी संकोच करू नये. थोडे दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही. सोबत कोणी असेल तर त्याला वाटेवरच, वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून बसायला सांगावे. देठाला चिमटा लावून फूल पकडण्याचे साधन मिळते, ते अंगणातल्या झाडासाठी ठीक आहे, पण पठारावर ते वापरू नये.

पावसाळी धुके मॅक्रोसाठी मोठी देणगी आहे, कारण सगळे आकाशच पांढऱ्या पडद्यासारखे प्रकाश पसरवते. ऊन पडले की मात्र पाकळ्यांवर पांढरे डाग आणि खाली काळ्या सावल्या येतात. तेव्हा फुलावर अर्धपारदर्शक पांढरी छत्री धरावी. फ्लॅश वापरायचा तर तो उघडा वापरू नये; त्याच्यापुढे पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर धरून प्रकाशाचा उगम शक्य तेवढा मोठा आणि फुलाच्या जवळ आणावा. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते, त्यामुळे वाऱ्याची हालचाल ती गोठवते, पण मागचा भाग काळा पडतो. आयएसओ थोडा वाढवून पार्श्वभूमीला नैसर्गिक प्रकाश मिळू द्यावा.

तिवईचा मोह पठारावर आवरावा. तिचे तीन पाय तीन ठिकाणी रोवले जातात आणि वाटेवरच्या इतरांची अडचण होते. जुन्या पँटीचा पाय शिवून त्यात दोन किलो ज्वारी भरली की कॅमेरा टेकवायला उत्तम पिशवी तयार होते. आत प्लॅस्टिकचे अस्तर घालावे, नाही तर पावसात ज्वारी फुगते. ही पिशवी वाटेच्या कडेच्या उघड्या दगडावर ठेवावी आणि कॅमेऱ्याचा पडदा वर उघडून बसल्या जागेवरून चौकट पाहावी.

अनेक छायाचित्रे वेगवेगळ्या फोकसवर घेऊन संगणकावर एकत्र करण्याची पद्धत, जिला फोकस स्टॅकिंग म्हणतात, वाऱ्यात चालत नाही. घरी ती जरूर करावी. आठ मिलिमीटर खोलीच्या विषयाला १:१ आणि एफ/८ वर प्रत्येक पाऊल पाऊण मिलिमीटरहून मोठे नसावे, म्हणजे कडा एकमेकींवर थोड्या चढतात. अशी दहा-बारा छायाचित्रे पुरतात. सरावासाठी कंदी पेढा फार चांगला विषय आहे, कारण त्याच्यावर भाजल्याचे तपकिरी डाग आणि रवाळ कण एकाच वेळी दिसतात, तो वाऱ्याने हलत नाही आणि त्याच्यावर एखादी मुंगी चढली तर पुढचा धडाही तिथेच सुरू होतो. हंगामापूर्वी आठवडाभर रोज अर्धा तास असा सराव केला तर पठारावरचा मोजका वेळ कॅमेऱ्याची बटणे शोधण्यात जात नाही.

कासहून परतल्यावर लेन्स लगेच बॅगेत बंद करून ठेवू नये. गाडीत वातानुकूलन चालू असेल तर थंड झालेल्या काचेवर बाहेर येताच वाफ धरते, म्हणून पोहोचण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ते बंद करावे आणि वाफ धरलीच तर ती पुसू नये, आपोआप जाऊ द्यावी. घरी आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे, कारण जांभ्याची बारीक धूळ कापडाखाली घासली तर काचेवर चरे पडतात. त्यानंतर लेन्स रात्रभर कोरड्या खोलीत उघडी ठेवून सकाळी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक टाकावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. त्याच्या वर जाऊ लागला की पुड्या बदलाव्यात किंवा मंद आचेच्या तव्यावर वाळवून घ्याव्यात. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात कपाटात तशीच ठेवलेली लेन्स एकाच पावसाळ्यात बुरशी धरू शकते, आणि बुरशीने काचेचा थर एकदा खाल्ला की तो परत येत नाही.